मदत हवी आहे: ग्रामसभेत आमचा विषय घेईनात

शेंगाचटणी: गाव दक्षिण सोलापूर तालुक्यातलं. आम्हा पोरांना अभ्यासिका पाहिजे. ग्रामसेवकांना अर्ज दिला, तरी विषयपत्रिकेत नाही. 2 ऑक्टोबरच्या सभेत विषय यायला काय करायचं? लवकर सांगा.

कडकभाकरी: अर्ज कधी दिला? पोच आहे का? नोटीस सात दिवस आधी निघते, त्यानंतरचा अर्ज विषयपत्रिकेत कसा येणार?

शेंगाचटणी: पोच नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला.

कडकभाकरी: मग तो अर्ज नव्हे बे, मेसेज. दोन प्रती काढ, एकीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घे. घेईनात तर स्पीड पोस्टाने पाठव, एक प्रत बीडीओंना (गटविकास अधिकाऱ्यांना).

पार्कचौक: थेट माहिती अधिकार टाका. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. 30 दिवसांत उत्तर नाही आलं की पहिलं अपील. सरळ होतात.

जुनीगिरणी: त्याला अभ्यासिका हवी आहे, कागदांच्या नकला नव्हेत. गावाचा विकास आराखडा ई-ग्रामस्वराज पोर्टलवर फुकट दिसतो. अडतं पैशाशी. वित्त आयोगाच्या निधीतला मोठा भाग बंधित, म्हणजे पाणी-स्वच्छतेलाच; पंधराव्या आयोगात (2021-26) तो 60 टक्के होता. अभ्यासिका उरलेल्या भागात बसवायची, आणि तिथं रस्ते-गटारवाले आधीच रांगेत असतात. "अभ्यासिका मिळावी" असं मोघम लिहू नका. कुठली खोली, किती टेबलं, मीटर कुणाच्या नावावर, महिन्याचं वीजबिल कोण भरणार, हे लिहा. बिलाचं उत्तर नसलं की विषय तिथंच मरतो.

पार्कचौक: पोर्टलवर काहीही चढवतात.

सातरस्ता: गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, विसरलात. 15 टक्के मतदार किंवा 100, जे कमी ते. भरली नाही की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागतच नाही. मग दहा माणसांत ठराव. हजेरी वहीवर सही करण्याआधी वर तारीख आणि विषय लिहिलेत का बघा. कोऱ्या पानावर सह्या घेऊन ठराव मागाहून लिहितात. बाकी महापालिकेतल्या जुळे सोलापूरच्या पोरांनी कुठल्या सभेत जायचं, तेही कुणीतरी सांगा.

बाळीवेस: 17 पूर्ण झालेल्यांना मतदार नोंदणीचा नमुना 6 आगाऊ भरता येतो. अर्हता दिनांक, म्हणजे 18 पूर्ण आहेत का ते बघायच्या तारखा, आता चार: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर.

कडकभाकरी: हे विचारलंय कुणी? पण थांबा. शेंगाचटणी, तुझं नाव गावच्या यादीत आहे ना?

शेंगाचटणी: नाही. शिकायला सोलापुरात आहे, होस्टेलच्या पत्त्यावर नोंदवलंय. बाकीची पोरंपण तशीच.

जुनीगिरणी: हे आधी सांगायचं की! गावच्या मतदार यादीत नाव असेल तोच ग्रामसभेचा सभासद. स्थलांतराचा नमुना 8 भरा. नवा नमुना 6 भरू नका, दोन ठिकाणी नाव चालत नाही. बदल यादीत यायला वेळ लागेल, तोवर अर्ज गावातल्या मतदारांच्या सहीने द्या, नावापुढे यादीतला अनुक्रमांक टाका. ग्रामसभेआधी महिलांची सभा होते, विषय तिथं आई-बहिणींकडून मांडून घ्या.

शेंगाचटणी: आधारवर होस्टेलचा पत्ता आहे. नमुना 8 ला चालेल?

बाळीवेस: नाही, पुरावा गावचाच लागेल. आईवडिलांच्या नावचं वीजबिल चालतं, ते त्याच पत्त्यावर मतदार असले तर.

पार्कचौक: माहिती अधिकार टाकला का?