प्रायमरीत उमेदवाराचे चारित्र्य पाहायचे की वजन?

नवमतदार

नमस्कार. मी न्यू जर्सीत राहतो. नागरिकत्व गेल्या वर्षी मिळाले आणि येत्या जूनमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या पक्षांतर्गत निवडणुकीत, मी आयुष्यातले पहिले अमेरिकी मत देणार आहे. प्रतिनिधिगृहाच्या आमच्या जागेसाठी चार उमेदवार आहेत आणि आरोग्यविमा, गर्भपात, बंदुका, स्थलांतर या सर्व विषयांवर ते इतके एकसारखे बोलतात की पत्रकावरचे नाव झाकले तर ते कोणाचे, हे सांगता येणार नाही. त्यामुळे सगळी लढाई साहजिकच माणसावर आली आहे.

आमच्या टपालपेटीत दिवसाआड एक जाड, गुळगुळीत पत्रक येते. एका बाजूला विरोधी उमेदवाराचे काळेपांढरे छायाचित्र असते आणि ते हमखास तोंड अर्धवट उघडे असतानाचे निवडलेले असते. दुसऱ्या बाजूला आवडता उमेदवार रंगीत, उन्हात, मुलाबाळांसह उभा असतो. कालच्या पत्रकात आरोप असा होता की अमुक उमेदवाराने काही वर्षांपूर्वी रिपब्लिकन नेत्याला देणगी दिली होती, म्हणजे हा मनाने आपला नाहीच.

माझे दोन प्रश्न आहेत. चारित्र्याविषयी असे जे काही कानावर येते, त्यातले किती धरायचे आणि किती सोडायचे? आणि दुसरे म्हणजे, मला जी उमेदवार मनापासून पटली आहे, तिच्याविषयी शेजारीपाजारी एकच वाक्य बोलतात, "बाई चांगली आहे, पण तिचे वजन नाही." मत देताना हे कारण मानावे का?

फिरस्ता

तुम्ही हे दोन प्रश्न वेगळे मांडले आहेत, पण प्रायमरीत ते फारसे वेगळे राहत नाहीत. उमेदवाराचे वजन किती मानले गेले आहे, त्यावरूनच त्याचे चारित्र्य वाचले जाते. याची दोन उदाहरणे देतो आणि दोन्ही न्यू हॅम्पशायरची आहेत.

१९७२ साली एडमंड मस्की हे डेमोक्रॅटिक पक्षातले अध्यक्षपदाचे आघाडीचे उमेदवार होते आणि शेजारच्याच मेन राज्याचे सीनेटर असल्यामुळे न्यू हॅम्पशायर त्यांच्या खिशात आहे असे सगळे धरून चालले होते. मँचेस्टरच्या युनियन लीडर या वृत्तपत्राने एक पत्र छापले. फ्रेंच-कॅनेडियन वंशाच्या लोकांना हिणवणाऱ्या शब्दावर मस्की हसले, अशा आशयाचे ते पत्र होते आणि त्या राज्यात या वंशाचे मतदार भरपूर. पाठोपाठ मस्की यांच्या पत्नीवरही चिखलफेक झाली. तेव्हा मस्की त्या वृत्तपत्राच्या कचेरीसमोर एका उघड्या ट्रकवर उभे राहिले आणि भर बर्फात संपादक-मालक विल्यम लोब यांना खडे बोल सुनावू लागले. बोलताना त्यांचा आवाज दाटला. गालावर होते ते अश्रू होते, असे बातमीदारांनी लिहिले. वितळलेला बर्फ होता, असे मस्की सांगत राहिले. ते पत्र बनावट होते आणि त्याचा माग तेव्हाचे रिपब्लिकन अध्यक्ष निक्सन यांच्या गोटातल्या कारवायांपर्यंत जातो, हे पुढे उघड झाले, पण तोवर मस्की "कच्च्या मनाचे" ठरून गेले होते.

आता आकडे पाहा. मस्की यांना सुमारे ४६ टक्के मते पडली आणि दुसऱ्या क्रमांकावरच्या मॅकगव्हर्न यांना ३७. म्हणजे ते नऊ टक्क्यांनी जिंकले, तरीही सगळीकडे चर्चा झाली ती त्यांच्या पीछेहाटीची, कारण निम्म्याहून अधिक मते त्यांनी घ्यायलाच हवीत असे आधी ठरवले गेले होते.

वीस वर्षांनी, १९९२ मध्ये, त्याच राज्यात बिल क्लिंटन यांच्यावर विवाहबाह्य संबंधांचा आणि व्हिएतनामच्या काळात लष्करभरती टाळल्याचा आरोप एकाच वेळी आला. त्यांना २५ टक्के मते मिळाली, पॉल साँगस यांना ३३. क्लिंटन हरले, पण त्या रात्री त्यांनी स्वतःला पुनरागमन करणारा गडी म्हणवून घेतले आणि वृत्तपत्रांनीही ते मान्य केले, कारण ते संपलेच असे आधी गृहीत धरले होते. एकाचे डोळे पाणावले तर तो दुबळा, आणि दुसऱ्यावर एवढे सगळे येऊनही तो खंबीर! या दोघांतला फरक स्वभावाचा किती आणि आधी बांधलेल्या अपेक्षांचा किती, हे मला आजही नेमके सांगता येत नाही, पण दुसरा भाग मोठा आहे असे माझे मत आहे.

कोपऱ्यातला निरीक्षक

वजनाविषयी एक डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट सांगतो. ३ फेब्रुवारी २०२० च्या रात्री मी आयोवात एका शाळेच्या व्यायामशाळेत डेमोक्रॅटिक पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार निवडण्यासाठीची सभा, म्हणजे कॉकस, पाहायला गेलो होतो. मतदानाचा अधिकार नव्हता, म्हणून बाजूच्या बाकावर बसलो. तिथे मत गुप्त नसे. ज्याचा जो उमेदवार, त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहायचे. ज्या गटात १५ टक्के माणसे जमली नाहीत, तो गट बाद, आणि त्यातल्या माणसांनी दुसरा कोपरा गाठायचा किंवा घरी जायचे. बायडेन यांच्या कोपऱ्यात बहुतेक साठीपुढची मंडळी होती आणि त्यांना चार-पाच माणसे कमी पडली. मग इतर कोपऱ्यांतले लोक त्यांना आपल्याकडे ओढायला आले. त्या वीसएक मिनिटांत बायडेन वाईट आहेत असे एकही माणूस म्हणाला नाही. सगळे म्हणत होते, "ते भले गृहस्थ आहेत, पण आता त्यांच्याच्याने होणार नाही." एक आजोबा शेवटपर्यंत हलले नाहीत आणि खुर्चीवर घडी केलेला कोट मांडीवर घेऊन बसून राहिले.

बायडेन आयोवात चौथे आले, न्यू हॅम्पशायरात पाचवे. मग २६ फेब्रुवारीला साउथ कॅरोलिनाचे खासदार जिम क्लायबर्न यांनी बायडेन यांना पाठिंबा जाहीर केला आणि २९ तारखेला बायडेन यांनी ते राज्य जवळजवळ निम्मी मते घेऊन जिंकले. पुढच्या दोन दिवसांत बुटिजेज आणि क्लोबुशार हे प्रतिस्पर्धी दोघेही शर्यतीतून बाहेर पडले. तीन आठवड्यांपूर्वी "होणार नाही" असे ज्यांच्याविषयी म्हटले जात होते, त्यांचा स्वभाव या काळात तसूभरही बदललेला नव्हता. बदलले होते ते इतकेच की काळ्या मतदारांत ज्याच्या शब्दाला मान आहे अशा एका माणसाने आपली पत त्यांच्या मागे उभी केली.

दक्षिणवासी

वरच्या दोन्ही प्रतिसादांत कुजबुजीचा प्रकार राहून गेला. २००० साली रिपब्लिकन पक्षाच्या अध्यक्षीय प्रायमरीत न्यू हॅम्पशायरात जॉन मॅकेन यांनी जॉर्ज बुश यांना १८ टक्क्यांहून अधिक फरकाने हरवले आणि प्रायमरी साउथ कॅरोलिनात आली. तिथे पत्रके आणि दूरध्वनी यांतून पसरवले गेले की मॅकेन यांना एका काळ्या बाईपासून झालेली अनौरस मुलगी आहे. ती मुलगी बांगलादेशातल्या अनाथाश्रमातून मॅकेन दांपत्याने दत्तक घेतलेली होती. म्हणजे ज्या गोष्टीवरून माणसाची पारख चांगली व्हायला हवी, तीच उलटी करून विकली गेली! बुश यांच्या प्रचारयंत्रणेने हात झटकले आणि मॅकेन ते राज्य ४२ विरुद्ध ५३ असे हरले.

आगीशिवाय धूर निघत नाही, असे आपण सहज म्हणून जातो. प्रायमरीच्या शेवटच्या दहा दिवसांत निघणारा धूर मात्र बहुधा कोणीतरी पैसे देऊन काढलेला असतो. तुमच्या पत्रकातला आरोप निदान तपासता येण्याजोगा आहे, कारण संघीय निवडणुकांसाठी दिलेल्या मोठ्या देणग्यांची नोंद निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर नावानिशी सापडते.

मिशिगनकर

चार उमेदवार आहेत म्हणालात, म्हणून हा छोटासा मुद्दा. चिकोडीत जन्मलेले आणि बेळगावात वाढलेले आपले श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत स्वतःचे कोट्यवधी डॉलर ओतूनही तिसरे आले. २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या मतदारसंघात नऊ जणांच्या प्रायमरीत ते सुमारे २८ टक्के मतांवर जिंकले आणि तो डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला असल्याने थेट काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत, गेले. मिशिगनात दुसरी फेरी होत नाही, न्यू जर्सीतही नाही; सर्वाधिक मते ज्याला, तो जिंकला. मते अशी फाटतात तेव्हा "वजन नाही" म्हटल्या जाणाऱ्या उमेदवारालाही पुरेशी मते कुठे आहेत, याचा हिशेब शेजाऱ्यांच्या अंदाजापेक्षा वेगळा निघू शकतो.

जर्सीचा जुना

मी इथे तीस वर्षे मत देतो आहे, म्हणून तुमच्या राज्याचेच सांगतो. आपल्याकडे वजन हा शब्द शब्दशः छापला जात असे. बहुतेक सगळ्या काउंट्यांत, म्हणजे राज्यातल्या जिल्ह्यांत, पक्षसंघटनेने पसंत केलेले उमेदवार, सीनेटरपासून गावच्या समितीपर्यंत, मतपत्रिकेवर एका ओळीत एकाखाली एक येत. तिला सगळे नुसते "लाइन" म्हणत. बाकीच्यांना दूरच्या स्तंभात, मधे रिकाम्या चौकटी सोडून ढकलले जाई आणि त्या जागेला लोक "बॅलटचा सायबेरिया" म्हणत. लाइन मिळाली की निम्मी लढाई जिंकली.

आता चारित्र्याची जोड पाहा. आपले तेव्हाचे सीनेटर बॉब मेनेंडेझ यांच्यावरचा भ्रष्टाचाराचा पहिला खटला २०१७ मध्ये ज्यूरीचे एकमत न झाल्याने निकालाविना संपला. २०१८ च्या प्रायमरीत त्यांच्यासमोर एक जवळजवळ अनोळखी उमेदवार होती. तिच्याकडे ना पैसा होता, ना यंत्रणा. तिला सुमारे ३८ टक्के मते पडली. मतदार पोटतिडकीने काहीतरी सांगत होते, पण लाइन मेनेंडेझ यांच्याकडे होती, ते निभावले आणि नोव्हेंबरात पुन्हा निवडून आले. सप्टेंबर २०२३ मध्ये दुसरे आरोपपत्र आले. या वेळी घरात सोन्याच्या लगडी सापडल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी प्रतिनिधिगृहाचे तेव्हाचे सदस्य अँडी किम यांनी मेनेंडेझ यांच्या जागेसाठी उमेदवारी जाहीर केली. मोठ्या काउंट्यांतल्या पक्षनेत्यांनी मात्र आपले वजन तेव्हाच्या गव्हर्नरांच्या पत्नी टॅमी मर्फी यांच्या पारड्यात टाकले. किम यांनी लाइनविरुद्ध न्यायालयात धाव घेतली, मर्फी मार्च २०२४ मध्ये बाहेर पडल्या आणि त्याच महिन्यात संघीय न्यायाधीशांनी त्या वर्षीच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती लाइन थांबवली. पुढच्या वर्षी विधिमंडळानेही ती पद्धत मोडीत काढली.

तेव्हा "वजन नाही" असे कोणी म्हटले की मी उलट विचारतो, वजन देणारा कोण आहे? पक्षाचा काउंटी अध्यक्ष, संपादक, धनको की त्या उमेदवाराला वीस वर्षे ओळखणारे लोक? यांतल्या शेवटच्यांचेच मी ऐकतो. बाकीच्यांचे वजन उसने असते आणि ते परत घ्यायला एक दुपार पुरते. आरोपाचेही तेच आहे. कागद उलटा करा आणि खालच्या चौकटीत पैसे कोणी दिले ते वाचा. धुतल्या तांदळासारखा उमेदवार मी एकही पाहिलेला नाही, त्यामुळे आरोप आल्यावर माणूस काय करतो, एवढेच मी पाहतो. खरे असेल तर कबूल करतो का, खोटे असेल तर कागद दाखवतो का, की लगेच दुसऱ्याचे उणेदुणे काढू लागतो?

नवमतदार

सर्वांचे आभार. पत्रक कचऱ्याच्या डब्यातून परत काढले. खालच्या चौकटीत बारीक अक्षरांत एका समितीचे नाव आहे आणि "कोणत्याही उमेदवाराच्या संमतीने नाही" असेही छापले आहे. आयोगाच्या संकेतस्थळावर पाहिले, तर समितीची नोंदणी जेमतेम सहा आठवड्यांपूर्वीची निघाली. खर्चाची नोंद लगेच दिसते, पण समितीला पैसे देणाऱ्यांची यादी अहवालांच्या वेळापत्रकानुसार प्रायमरी उलटून गेल्यावरच येणार. देणगीचा आरोप मात्र खरा आहे. रक्कम २५० डॉलर, एकदाच. शनिवारी ग्रंथालयात चौघांपैकी तिघे बोलायला येणार आहेत आणि हा उमेदवार त्यांत आहे. त्याला मी देणगीविषयी सगळ्यांसमोर विचारणार आहे आणि तो काय उत्तर देतो, ते इथे येऊन लिहीन.