बीआयएम, एएसी ब्लॉक आणि आपला गवंडी: नक्की अडतंय कुठे?

ओळंबा (धागाकर्ता)
परवा नाशिकला एका सेमिनारला गेलो होतो. व्यासपीठावरून नेहमीचंच: कामगार अशिक्षित, त्याला बदल नको, म्हणून बांधकामात डिजिटल आणि पर्यावरणपूरक पद्धती रुजत नाहीत. साइटवर १४ वर्षं काढलीत, मला हे पटत नाही. आमचा मुकादम फोनवरून माणसांचे पैसे वाटतो, व्हॉइस नोटवर अख्खी गँग हलवतो.

मागच्या कामाचं सांगतो. सात मजले, सल्लागाराने बीआयएम मॉडेल (पाइप-वायरिंगसकट अख्ख्या इमारतीचा संगणकावरचा त्रिमितीय नकाशा) केलेलं. दुसऱ्या मजल्यावर ड्रेनेजचा पाइप बीममधून जातोय हे मॉडेलमध्ये आधीच दिसलं. दुरुस्त नकाशा व्हॉट्सॲप ग्रुपवर पडला, त्यावर सहा जणांचे अंगठे आले. केबिनच्या भिंतीवर मात्र जुनीच प्रिंट. स्लॅब भरला. मग स्ट्रक्चरलवाल्याच्या शिव्या खाऊन पाइप फिरवला, आणि तो झाकायला फॉल्स सीलिंग. प्रिंट बदलायचं काम माझंच होतं, पण दोन साइटना मी एकटा. आणि स्लॅबचा साचा ठोकणाऱ्या सेंट्रिंगवाल्याला पैसे स्क्वेअर फुटावर. नकाशा ताडायला तो अर्धा दिवस कशाला घालवेल? दोष माणसाचा नाही, दर लावण्याच्या पद्धतीचा आहे.

दगडवीटमाती
साहेब, सेमिनारवाल्यांवर राग ठीक, पण आम्हा ठेकेदारांना सोडलंत कुठे? अंदाजपत्रकापेक्षा २० टक्के कमी दर (बिलो) भरल्याशिवाय सरकारी काम मिळत नाही, वर बिल चार-चार महिने लटकतं. त्यातून सॉफ्टवेअरचं वर्षाचं भाडं भरू? एका पोराला मॉडेलिंग शिकवलं, सहा महिन्यांत पुण्याला पळालं. टॅब घेतले होते, त्यावर आता क्रिकेट चालतं.

गिलावा
ओळंबा, गवंड्याला इतकं निर्दोष ठरवू नका. माझ्या घराला विटेऐवजी एएसी ब्लॉक, म्हणजे सिमेंटचे हलके, सच्छिद्र ठोकळे, वापरले. पहिल्याच उन्हाळ्यात कॉलम आणि भिंतीच्या सांध्यावर उभे तडे. टीव्हीचा ब्रॅकेट खिळ्यासकट हातात आला. सासरे अजून भिंतीवर टकटक करून दाखवतात, "पोकळ आहे". पुढचं घर भट्टीच्या विटेचंच.

ओळंबा
गिलावा, ब्लॉक लावताना हौदात बुडवले होते का? वीट भिजवूनच लावायची, ही गवंड्याच्या हाताची पिढ्यांची सवय, आणि विटेला ती बरोबर. एएसी ब्लॉक असा बुडवला की पाणी पितो आणि मग सुकताना आकसतो. नुसता पृष्ठभाग ओला करायचा. कॉलमच्या सांध्यावर जाळी मारून मगच गिलावा, तोही सिमेंट कमी ठेवून. ब्रॅकेटला साधा खिळा चालतच नाही, ब्लॉकचे अँकर वेगळे मिळतात. तेवढ्याच मापाच्या विटेपेक्षा ब्लॉक जवळपास तिप्पट हलका, म्हणून इमारतीवरचा बोजा उतरतो, शिवाय भट्टीत सुपीक माती जळत नाही. पण हे गवंड्याला सांगितलं कोणी? ब्लॉकचा ट्रक आला, शिकवणारा आला नाही.

गिलावा
बुडवले होते. पाण्याचा पाइप मीच धरला होता.

एमबी_लिहिणारा
सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त. दोघांच्याही पलीकडचं सांगतो. खडी-वाळूचं भारतीय मानक आयएस ३८३, त्याच्या २०१६ च्या आवृत्तीत पाडकामाच्या काँक्रीटपासून केलेली खडी एम२५ मजबुतीपर्यंतच्या आरसीसीत (सळईच्या काँक्रीटमध्ये) २० टक्क्यांपर्यंत चालते. त्याच वर्षीच्या केंद्राच्या नियमांत दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टनांवर राडारोडा काढणाऱ्याने विल्हेवाटीची योजना द्यायची होती. म्हणजे कागद आडवा येत नाही. तरी मी नोकरीभर एकदाही तशी खडी लिहिली नाही. का? उद्या तडा गेला तर ऑडिटवाला विचारणार, नेहमीची सोडून ही कोणी सुचवली? नेहमीच्या खडीला तडा गेला तर कोणी विचारत नाही. धोका माझा एकट्याचा, डबर टळल्याचा फायदा नदीचा.

वाळूचा_ब्रास
आणि नदीकाठी रात्री डबर ओतणारा ट्रॅक्टरवाला? तो दिसतो सगळ्यांना, बोलत कोणी नाही. दंड वाढवा, बाकी चर्चा नको.

एमबी_लिहिणारा
दंड त्यालाच होईल, राडारोडा देणाऱ्याला नाही.

दुबईकर_कोल्हापुरी
इथे दुबईत पालिकेने २०१३ च्या परिपत्रकाने ४० मजल्यांवरच्या इमारतींना बीआयएम सक्तीचं केलं. आपल्याकडे सरसकट सक्ती नाही, हेच खरं कारण.

दगडवीटमाती
भाऊ, ४० मजले! आमच्या तालुक्यात पाण्याची टाकी सर्वांत उंच. सक्ती मोठ्यांना झेपते. लहानाने मॉडेल बाहेरून विकत आणायचं, फाइलला लावायचं आणि काम जुन्याच नकाशावर करायचं.

ओळंबा
म्हणून सक्ती नको, निविदेत वेगळी बाब हवी. प्रत्येक स्लॅबआधी नकाशा ताडणं, एवढे रुपये. ब्लॉकच्या गवंड्याला दोन दिवस शिकवणं, एवढे रुपये. डबर प्रक्रिया केंद्रावर पोचवल्याची पावती, प्रति ब्रास एवढे. आहेत का हे पैसे आत्ता कोणत्या दरात?

दगडवीटमाती
नाहीत. टाका त्या ओळी, मी दर भरतो. पण शेजारचा त्याच ओळींपुढे एक रुपया भरणार आणि काम घेऊन जाणार. त्याचं काय करायचं ते आधी सांगा.