मदत हवी आहे: पहिलीसाठी महापालिकेची शाळा की खासगी?

मुलगी जूनमध्ये पहिलीत जाईल. आम्ही सोलापुरात अशोक चौकाजवळ राहतो. घरी मराठी, गल्लीत मुलं तेलुगू बोलतात, तिला दोन्ही छान येतात.

महापालिकेची मराठी शाळा घरापासून चालत सात मिनिटांवर आहे. दोनदा जाऊन आले. पहिलीच्या बाई मनापासून शिकवतात, मुलं न घाबरता प्रश्न विचारतात, हे मला फार आवडलं. पण पट कमी, म्हणून पहिली-दुसरी एकाच वर्गात बसतात. कायद्याने पहिली ते पाचवी मिळून ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात, त्यामुळे हे लगेच बदलेल असं वाटत नाही.

दुसरी शाळा जुळे सोलापुरातली, खासगी इंग्रजी माध्यमाची. फी वर्षाला ३८ हजार, रिक्षा वेगळी. वर्गात पंचेचाळीस मुलं. वर्ग चालू असताना आत बसू दिलं नाही. आमचं उत्पन्न एक लाखाच्या वर आहे आणि आम्ही खुल्या प्रवर्गातले, म्हणून आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के मोफत राखीव जागांत बसत नाही. फी ओढाताण करून भरू, पण आम्हा दोघांनाही इंग्रजीतून अभ्यास घेता येणार नाही आणि शिकवणीला पैसे उरणार नाहीत. सासूबाईंना इंग्रजीच हवं आहे. मला वाटतं, आधी तिला नीट वाचता यावं.

ज्यांची मुलं महापालिकेच्या शाळेत चौथीपर्यंत शिकली त्यांना विचारते: जोडवर्गात वाचन-गणित मागे पडलं का? आणि पाचवीला सेमी इंग्रजीत घातल्यावर मुलांना जमायला किती दिवस लागले?