शब्दचर्चा : तिरका, तिरपा, तिरळा (विमानावरचा उपग्रह ॲंटेना)

धागाकर्ता :
विमानावरच्या उपग्रह-संपर्क ॲंटेनाच्या देखभाल पुस्तिकेचा अनुवाद तपासतोय. 'स्कॅन अँगल', 'स्क्यू अँगल' आणि 'बीम स्क्विंट' या तिन्हींना सरसकट 'तिरका कोन' लावलंय. चालेल का?

तरंगलांबी :
अजिबात नाही. तिन्हींची कारणं वेगळी, उपायही वेगळे.

स्कॅन अँगल म्हणजे ॲंटेनाच्या पृष्ठभागावरचा लंब आणि झोत यांतला कोन. विमानाच्या पाठीवर सपाट ॲरे (अनेक छोट्या एलिमेंटचा ॲंटेना, ज्यात प्रत्येकाच्या लहरीचा टप्पा म्हणजे फेज बदलून झोत वळवतात) बसवलाय आणि उपग्रह क्षितिजापासून ३० अंशांवर आहे, तर हा कोन ६० अंश. उपग्रहाकडून पाहिलं तर ॲंटेनाचं क्षेत्रफळ निम्मंच दिसतं, म्हणजे ३ डेसिबल तिथेच गेले. शिवाय सुटा एलिमेंटही कडेला कमी प्रभावी असतो, त्यामुळे प्रत्यक्षात घट ४ डेसिबलच्या आसपास जाते. झोत ६० अंशांपर्यंत वळवायचा तर १४.५ गिगाहर्ट्झला (तरंगलांबी २०.७ मिमी) दोन एलिमेंटमधलं अंतर ११ मिमीपेक्षा फारसं वाढवता येत नाही. वाढवलं की मुख्य झोताच्या तोडीचा दुसरा झोत (ग्रेटिंग लोब) भलत्याच दिशेला उगवतो. याला 'झुकाव कोन' म्हणा. 'कल' नको, कारण फेजला आपण 'कला' म्हणतो.

स्क्यू ही निराळीच भानगड : भूस्थिर उपग्रहांची रांग ॲंटेनाच्या रुंदीशी जो कोन करते तो. मोटरवर फिरणारा ॲंटेना हवेला कमी अडावा म्हणून बुटका आणि रुंद करतात. समजा ७५ सेमी रुंद, १५ सेमी उंच. प्रेषणाच्या कंप्रतेला त्याचा झोत आडवा साधारण २ अंश आणि उभा जवळपास १० अंश पसरतो. भूस्थिर उपग्रहांची रांग आकाशात आडवी दिसते तिथे काही बिघडत नाही. विषुववृत्ताजवळ उपग्रह पूर्वेला किंवा पश्चिमेला असला की तीच रांग उभी होते आणि २-३ अंशांवरचे शेजारी उपग्रह त्या १० अंशांच्या पसाऱ्यात सापडतात. मग प्रेषणशक्ती उतरवावी लागते आणि अपलोडचा वेग पडतो. सूत्र सोपं आहे : स्क्यूचा टॅन्जंट = विमान आणि उपग्रह यांच्या रेखांशांतल्या फरकाची साइन ÷ विमानाच्या अक्षांशाचा टॅन्जंट. फरक ३० अंश धरला तर ४५ अक्षांशावर स्क्यू २७ अंश येतो, १० अक्षांशावर ७१. हा कोन दृष्टिरेषेभोवतीचा आहे, म्हणून 'पीळ कोन' सुचवतो.

खिळेकाटे :
'पीळ' नको. वेव्हगाइडचा (रेडिओलहरी नेणाऱ्या धातूच्या नळीचा) 'ट्विस्ट' हा सुटा भाग असतो, बसवणारा माणूस तोच समजेल. 'तिरका कोन' फक्त स्क्यूसाठी राखून ठेवा. आणि त्याला 'ध्रुवण कोन' (लहरीच्या कंपनाच्या दिशेचा कोन) असंही म्हणू नका. केयू-बँडच्या (Ku, म्हणजे इथला १४ गिगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा) रेषीय ध्रुवणात फीडकडून (ॲंटेनाला लहर पुरवणाऱ्या भागाकडून) ध्रुवण फिरवून जुळवता येतं, पण ॲंटेनाचा बुटकेपणा त्याने फिरत नाही. दोन्ही आकडे एकाच स्क्रीनवर दिसतात, गोंधळ तिथेच होतो.

पुस्तिकेत हेही स्पष्ट हवं : उपग्रह नाकासमोर किंवा शेपटीमागे असताना विमान एका पंखावर कललं तर ते अंश थेट स्क्यूत मिळतात किंवा वजा होतात. उपग्रह पंखाच्या बाजूला असेल तर मुख्यतः उन्नतांश (क्षितिजापासूनचा कोन) बदलतो.

तरंगलांबी :
ट्विस्टचा मुद्दा पटला. 'तिरका' स्क्यूला.

बीम स्क्विंटला मात्र 'तिरळेपणा' चपखल बसतो. कला मधल्या कंप्रतेसाठी लावल्या, तर पट्ट्याच्या दोन टोकांना झोत वेगवेगळीकडे पाहतो. १४ ते १४.५ गिगाहर्ट्झ, झुकाव ६० अंश : प्रत्येक टोकाला सुमारे १.७ अंशांची चूक. अमेरिकेच्या जुन्या नियमांत प्रेषणात रोखण्याची चूक ०.२ अंशाच्या आत ठेवायची होती आणि ०.५ अंश ओलांडताच १०० मिलिसेकंदांत प्रेषण बंद करायचं होतं; त्या मानाने हे परवडणारं नाही. उपाय : ज्या चॅनलवर बोलायचंय त्याच्या कंप्रतेसाठी कला पुन्हा काढणं, नाहीतर खरा कालविलंब देणं (टप्पा बदलण्याऐवजी प्रत्येक एलिमेंटचा संदेश खरोखरच उशिरा सोडणं), जे महाग आणि जड पडतं.

धागाकर्ता :
रेडोममुळे (ॲंटेनावरच्या आवरणामुळे) झोत वाकतो त्यालाही तिरळेपणाच?

खिळेकाटे :
नको, ते 'रेडोमचं विचलन'. तिथे तिरपा शब्द वापरा हवं तर : किरण रेडोमच्या भिंतीतून तिरपा गेला की तोटा आणि विचलन दोन्ही वाढतात. धातूचे कण असलेला रंग किंवा मधमाशीच्या पोळ्यासारख्या गाभ्यात मुरलेलं पाणी यांनी तोटा आणखी वाढतो. हा तोटा कला बदलून बरा होत नाही.

धागाकर्ता :
एका ओळीत नुसतं 'तिरका कोन मर्यादेबाहेर' आहे. मूळ मजकूर हाताशी नाही. कुठला धरू?

तरंगलांबी :
लक्षणं बघा. प्रेषण तोडलंय किंवा शक्ती उतरवलीय पण ग्रहण ठणठणीत आहे, तर स्क्यू, कारण प्रश्न शेजारी उपग्रहाला त्रास होण्याचा आहे. उपग्रह खाली जाईल तसं ग्रहण आणि प्रेषण दोन्ही हळूहळू ढासळत असतील तर झुकाव. ॲंटेना मोटरवर फिरणारा असेल तर झुकावाचा प्रश्न बहुधा येतच नाही.