माकडं आणि डुकरं : वीस हजारांत काय करता येईल?

लाल_माती
गुहागर तालुक्यात आमची तीस गुंठे जागा. बावीस माड, खाली सखलात भाताची खाचरं, परसात भेंडी-वांगी. दिवसा लाल तोंडाची माकडं, रात्री डुकरं. गेल्या वर्षी दाणा भरत आला असताना एका रात्रीत अर्धं खाचर लोळून सपाट केलं. माकडं शहाळ्याला दाताने भोक पाडतात, दोन घोट पितात नि टाकून देतात. सकाळी माडाखाली आठ-दहा पडलेली. बाबा 72 वर्षांचे, घरी एकटे, मी डोंबिवलीला. खर्च 20 हजारांपर्यंत. जनावर मरायला नको, बाबांना धावपळ नको. काय करू?

बागायतदार
जाळीचं कंपाउंड घाला नि मोकळे व्हा. आमच्या दीड एकराला सव्वादोन लाख लागले, पण चार वर्षांत डुक्कर आत आलेलं नाही.

माडवाला
ते वीस हजार म्हणतायत हो. आणि जाळीवर वानर चढतो त्याचं काय? कुत्रा पाळा. माझे दोन होते, एक बिबट्याने पडवीतून नेला. दुसऱ्याला आता रात्री घरात घ्यावं लागतं, म्हणजे डुकरांना रान मोकळंच.

कातळावरचा
वानर काळ्या तोंडाचा, लांब शेपटीचा. त्यांनी लाल तोंडाची माकडं लिहिलंय.

माडवाला
आमच्याकडे सगळ्यांना वानरच म्हणतात. नारळ गेला तो गेलाच ना?

वऱ्हाडी_शेतकरी
मी यवतमाळचा. आमच्याकडे रोही (नीलगाय) नि डुकरं. कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारं झटका मशीन घ्या भाऊ. मशीन, बॅटरी, छोटं सोलर पॅनल नि तार मिळून मला 14 हजार पडले. खालची तार जमिनीपासून वीतभर, वरची गुडघ्याएवढी. डुक्कर नाक लावतं, झटका बसतो, मागे फिरतं. यंदा हरभरा पूर्ण घरी आला.

घाटमाथा
आमच्या बाजूच्या गावात घरचीच लाइट तारेत सोडतात. स्वस्तात काम होतं.

कातळावरचा
असलं इथे सुचवूसुद्धा नका. झटका मशीन क्षणभर ठोका देतं नि सोडतं. घरची लाइट धरून ठेवते. गवत कापायला आलेली बाई मेली तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागेल. डुक्कर मेलं तरी 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली केस.
झटक्याबद्दल माझा अनुभव : श्रावणात गवत तारेला टेकलं की झटका जमिनीत जातो, डुक्कर खुशाल आत. दर आठ दिवसांनी तारेखालचं गवत काढावं लागतं. ते बाबा करणार का? कातळावर अर्थिंगही नीट होत नाही. मी मीठ-कोळसा भरून केलं, तेव्हा कुठे चाललं.

बागायतदार
म्हणूनच म्हणतोय, कंपाउंड.

सड्यावरून
पाइपाची कार्बाइड गन आणा, कार्बाइडचा गॅस पेटवून बार काढते, तीनशेत होते. आवाजाने माकडं पळतात.

माडवाला
अजिबात नको. वाजली नाही म्हणून माझा पुतण्या आत वाकून बघायला गेला नि तेव्हाच पेटली. एका डोळ्याने आजही धूसर दिसतं त्याला. नि माकडं आठ दिवसांत आवाजाला सरावली ती वेगळंच.

वऱ्हाडी_शेतकरी
झटका मशीनच घ्या. तीन हंगाम झाले माझे.

तळकोकण
वनखात्याच्या भरपाईचा विषय कोणीच काढला नाही. नुकसान दिसताच फोटो काढा, हात लावू नका. तीन दिवसांच्या आत वनरक्षक किंवा वनपालाकडे सातबाऱ्यासह अर्ज द्या, पंचनामा होतो. मी पाचव्या दिवशी गेलो, हात हलवत परत आलो.

लाल_माती
सर्वांचे आभार. बाबांना सगळं वाचून दाखवलं. मशीन नको म्हणाले, गवत काढणं होणार नाही. कंपाउंड परवडत नाही. आमच्या खाचराला लागून आणखी दोन घरांची खाचरं आहेत. तिघांनी मिळून एक राखणदार ठेवतोय. घटस्थापनेपासून 25 रात्री, रात्रीचे 600. मधल्या बांधावर राखणीला बसायचा माळा (मचाण) बांधायचा, बॅटरी नि पत्र्याचा डबा द्यायचा. पूर्वी आजोबा असेच माळ्यावर झोपायचे. माझ्या वाट्याला 5 हजार येतात. तीन दिवसांचं माहीत नव्हतं, ते बाबांनी कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. माकडांवर पैसे घालत नाही. शहाळी त्यांच्या हाती लागण्याआधीच उतरवून विकणार, माडावर चढून नारळ उतरवणारा पाडेली शनिवारी येतोय.

बागायतदार
राखणदार पहाटे झोपतो, डुक्कर तेव्हाच येतं. बघा बुवा.