मदत हवी आहे: म्हाताऱ्या, भित्र्या मांजरीची दाढ आणि भूल

मांजर १५ वर्षांची, वजन ३.६ किलो, क्रिएटिनिन (रक्तातलं मूत्रपिंडाच्या कामाचं माप) २.१, म्हणजे मूत्रपिंड थोडं कमजोर. एकाच बाजूने चावते, कोरडा खाऊ तोंडातून पडतो, खालच्या दाढेवर लाल हिरडी चढली आहे. दात विरघळत असावा. मुळाशी तो किती गेलाय हे भूल देऊन एक्स-रे काढल्याशिवाय कळत नाही, म्हणून नुसतं स्केलिंग (दातांची सफाई) नको.

खरी अडचण भीतीची. दवाखान्यात तोंड उघडू देत नाही, घाबरल्यामुळे रक्तदाबही वाढलेलाच दिसतो. निघण्याआधी २-३ तास गॅबापेंटिन (भीती कमी करणारं औषध) देतात, पण ते मूत्रपिंडावाटेच बाहेर पडतं. अशा मांजरीला तुमच्या डॉक्टरांनी मात्रा किती कमी केली? आणि दाढ काढल्यावर वेदनेसाठी मेलोक्सिकॅमऐवजी (हे वेदनाशामक मूत्रपिंडाला जड जाऊ शकतं) काय दिलं? गालात ब्युप्रेनॉर्फिन (दुसरं वेदनाशामक) सोडणं घरी जमतं का?