मदत हवी आहे : लहानपणापासूनचा संधिवात, आता मुलगी १८ची होतेय, पुढचे डॉक्टर कोण?

नमस्कार मंडळी,

मुलगी ऑगस्टमध्ये १८ पूर्ण करेल. चार वर्षांची असताना डावा गुडघा सुजला. 'पडली असेल' म्हणत आम्ही दोन महिने लेप लावण्यात घालवले. मग जेआयए, म्हणजे लहान मुलांचा संधिवात, असं निदान झालं. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी मिरजेहून रात्रीची महालक्ष्मी धरायची, मुंबईत दाखवायचं आणि त्याच रात्री परत. १४ वर्षं एकच डॉक्टर. ती दारातून चालत आली की कुठला सांधा दुखतोय ते ओळखतात.

आता तिला मोठ्यांच्या डॉक्टरांकडे न्या म्हणाले. त्यांचं काही चूक नाही, मुलांच्या विभागात १८ नंतर घेत नाहीत. जुलैत ती पुण्याला हॉस्टेलवर जाणार, म्हणून तिथल्या एका हाडांच्या डॉक्टरांना दाखवून आलो. रक्तातला आरए फॅक्टर (संधिवातासाठी बघतात तो) निगेटिव्ह बघून म्हणाले, "मग हा संधिवात कशावरून?" जेआयएच्या बहुतेक मुलांत तो निगेटिव्हच असतो. पण बोलायचा धीर झाला नाही.

औषधांचीही काळजी आहे. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, शनिवारी रात्री. चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतेल. ती पिवळी गोळी नुसती दिसली तरी तिला मळमळतं, शनिवारी वरणसुद्धा जेवत नाही. आजवर गोळ्या मीच वाटीत काढून देते. शिवाय पंधरा दिवसांनी अडालिमुमॅबचं इंजेक्शन, ते २ ते ८ अंशांत ठेवायचं. हॉस्टेलवर कुठे ठेवणार? मागे डोळ्यांत युव्हायटिस होऊन गेलाय. डोळा लाल नाही, दुखत नाही, आतल्या आत सूज. म्हणून तीन महिन्यांनी स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टरांकडच्या यंत्रावर, तपासणी असतेच.

पुण्यात तिला विचारलं, "सकाळी सांधे किती वेळ आखडतात?" तिने माझ्याकडे पाहिलं आणि उत्तर मी दिलं. घरी आल्यावर म्हणाली, "आई, तू वीस मिनिटं सांगितलीस. तास जातो."

मला माहीतच नव्हतं.

कुणी यातून गेलंय का?

रानजाई :
ताई, मी २६ वर्षांची, मलाही तिसऱ्या वर्षापासून जेआयए. हाडांचे डॉक्टर नकोत, ऱ्हुमॅटॉलॉजिस्टच, म्हणजे संधिवाताचेच डॉक्टर, शोधा. आणि जुने डॉक्टर बघताहेत तोवरच नव्यांना एकदा भेटून घ्या. माझे मधे सात महिने डॉक्टरांविनाच गेले, मनगट कायमचं आखडलं. जाडजूड फाइल कुणी वाचत नाही, जुन्या डॉक्टरांकडून दोन पानांत लिहून घ्या : कुठला प्रकार, कुठलं औषध कधी सुरू केलं, का बंद केलं, एएनए ही रक्ततपासणी, टीबीची तपासणी, लसी, डोळ्यांच्या तारखा. इंजेक्शन मी मेसच्या फ्रिजमध्ये डब्यात ठेवायचे, फ्रीझरपासून लांब, कारण गोठलं की वाया. अजून एक, जरा अवघड. मेथोट्रेक्सेट चालू असताना दिवस राहून चालत नाही, दारूही नको. हे डॉक्टरांनी तिच्याशी बोलावं, तुम्ही बाहेर असताना.

मिरजेची_आई :
दोन पानांचं उद्याच सांगते त्यांना. मनगटाचं वाचून फार वाईट वाटलं गं. तिला आत्ताच विचारलं, पुढच्या वेळी एकटी आत जाशील का. लगेच हो म्हणाली.